शटरखालची वीट

जपून, जावईबापू! लागली ना ठेच? नाही नाही, उचलू नका ती वीट. आहे तिथेच शटरखाली राहू द्या. आणि हात त्या फडक्याला पुसून घ्या. तेल नाही ते. पाणीच आहे.

बसा आता. चहा येतोय. तुमची गाडी काही आज मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मघाशी काय म्हणालात? "काका, एकच टायर बदलून द्या, बाकीचे तीन चालतील." चारही चाकांना जोर जाणारी गाडी, आणि टायर एकच! मी तेव्हा गप्प बसलो, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं आणि ही गोष्ट गिऱ्हाइकापुढे सांगण्यासारखी नाही. तुमच्या बायकोला विचारा, काका गप्पा खूप मारतो पण थापा मारत नाही. हसू नकोस गं, लहानपणी माझ्याच मांडीवर बसून ऐकायचीस.

तर आमच्या ओळखीत एक चष्मेवाला आहे. बाजारात दुकान, घरी बायको आणि एक मुलगी. माणूस एवढा नेमका की काच पाव नंबरानं इकडेतिकडे झाली तर झोप लागायची नाही त्याला. आणि अशा माणसाला वेड लागलं गाडीचं. बरं, गाडी म्हणजे काही लांबलचक थाटाची नव्हे. दिसायला बाजारहाटाची, मागे वर उघडणारं दार असलेली छोटी गाडी. आम्ही तिला ठेंगणी म्हणायचो. पण पोटात इंजिन असं, की पाय जरा जोरात पडला तर मान मागे आपटावी. कंपनीनं तसल्या सहाशेच काढल्या आणि साचा मोडून टाकला. गिअरच्या दांड्यापाशी पितळी पट्टी होती, तिच्यावर आकडा कोरलेला. तीनशे बारा.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तशी ती गाडी. सुरू केली की आधी दोन मिनिटं कोमट होऊ द्यायची. पळवून आणली की लगेच बंद करायची नाही, आत हवा कोंबणारा टर्बो लाल झालेला असतो, त्याला मिनिटभर निवू द्यायचं. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारं एक कप्लिंग असतं, त्याचं तेल वेगळं, आणि ते वेळेवर बदलायचं. एखादी रबरी नळी फुटली तर सात-सात आठवडे वाट बघायची. आणि टायर? बदलायचे तर चारही एकदम. एक नवा आणि तीन झिजलेले असले की चाकांचा घेर सारखा राहत नाही, कप्लिंगला वाटतं एक चाक सतत घसरतंय, ते झटत राहतं, तापतं, आणि एक दिवस ऐन वळणावर अडकतं. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

चष्मेवाल्याची बायको तिला सवत म्हणायची. आधी हसत म्हणायची. नंतर हसणं गेलं.

गाडी त्यानं एका म्हाताऱ्या बाईकडून घेतली होती. तिचे यजमान इंजिनिअर होते, नुकतेच वारलेले. "झोपेतच गेले," एवढंच ती बोलली. गाडीबरोबर तिनं एक वही दिली. इंजिनिअरसाहेबांची रीत अशी की गाडी बाहेरून आली की गेज घेऊन चारही चाकांपाशी बसायचं, टायरच्या खाचांची खोली मापायची, मग गाडीत बसून वहीत लिहायचं. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. शिसपेन्सिलीनं, बारीक अक्षरात, अकरा वर्षं. एक दिवस चुकलेला नाही.

"मला स्वयंपाकघरात कळायचं हो ते आल्याचं," बाई म्हणाली होती. "गुडघे वाजायचे त्यांचे. एकेका चाकापाशी खाली बसताना कट्‌ असा आवाज. चार वेळा गुडघे वाजले की मी चहा ठेवायची."

चष्मेवाल्यानं ती वही पुढे चालवली. त्याला ते फार आवडलं होतं. मी म्हटलं, बरं आहे, वेड्याला वेडा भेटला.

पण नव्याचे नऊ दिवस. मुलीच्या शाळेत नाटक होतं, तिचं पहिलंच काम, आणि हा कुठल्या तरी नळीची पेटी येणार म्हणून दिवसभर दुकानात थांबून राहिला. मुलगी घरी आली ती बोललीच नाही. बायकोनं दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, "महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत ती गाडी जायला हवी. नाहीतर आम्ही दोघी जातो." बाई बोलली तसं करणारी आहे, हे त्याला माहीत होतं.

गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. डोंगरावरच्या दवाखान्यातली एक तरुण डॉक्टरीण. रोज घाटानं वर जायचं, रात्री-अपरात्री खाली यायचं. गाड्यांची जाणकार. तिनं फोनवरच सांगितलं, "मला कागद नकोत, ती वही बघायची आहे. वही बरोबर असेल तर पंधराला सकाळी येऊन घेऊन जाते."

आणि बाराला मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा घुसला. कडेला फाटला, जोडता येईना. चारही टायर मागवायचे तर तीन आठवडे. पंधरा तर तीन दिवसांवर.

तो माझ्याकडे आला. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, "काका, एकच बसवा."

मी म्हटलं, "अरे, तुला मी सांगायला हवं का?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे. नंतर बदलेल ती. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी बसवला, जावईबापू. माहीत असून बसवला. त्याचा संसार मोडेल म्हणून दया आली, असं मी मनाला सांगितलं. त्या डॉक्टरणीची दया मला आली नाही. ते आजही खुपतं, म्हणून तुमच्या गाडीला हात लावत नाहीये.

चौदा तारखेची गोष्ट. नोव्हेंबर महिना, सोमवार. तीन वर्षं झाली त्याला. सकाळी गाडी द्यायची म्हणून चष्मेवाला रात्री जेवल्यावर बाहेर पडला. टाकी भरायची, काच पुसून घ्यायची, आणि खरं सांगायचं तर शेवटचं एकदा पळवायची. तेवढी हौस माणसाला असतेच. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानं ती चांगली तासभर हाणली. परत येताना मागून वास आला. जळक्या तेलाचा. कप्लिंग तापलं होतं. त्यानं काच खाली केली आणि वास जाऊ दिला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तो गाळ्यावर पोचला. त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीत गाड्या ठेवायचे गाळे आहेत, ओळीनं सहा. मधे मोकळं अंगण, मग घरं. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे, त्यांनी दोनदा तक्रार केली होती की रात्री त्या गाडीची गुरगुर ऐकून झोप मोडते. शेवटच्या रात्री कशाला वाद, म्हणून चष्मेवाल्यानं गाडी आत घेतली आणि शटर खाली ओढलं. पार जमिनीपर्यंत.

इंजिन चालूच होतं. निवू द्यायचं म्हणून. त्यानं एक यंत्र बसवून घेतलं होतं, किल्ली काढली तरी इंजिन साठ सेकंद चालतं आणि मग आपोआप बंद होतं. छोट्या खिडकीत उलटे आकडे दिसतात. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न.

एवढा नेमका माणूस. पण मिनिटाचाच तर प्रश्न, असं त्याला वाटलं. बंद गाळ्यात इंजिनाचा धूर काय करतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण टर्बोची काळजी करणाऱ्याला स्वतःच्या फुप्फुसांची आठवण राहत नाही.

तो परत गाडीत बसला. दार लावून घेतलं, थंडी होती. किल्ली काढून खिशात घातली. आतला दिवा लावला. वही मांडीवर घेतली आणि शेवटची नोंद लिहिली. पेन्सिलीनं नाही, पेनानं. चारही रकान्यांत एकच आकडा. तीन पूर्णांक आठ. तीन पूर्णांक आठ. तीन पूर्णांक आठ. आणि मागचा डावा... तोही तीन पूर्णांक आठ. नवाकोरा टायर, साडेसात मिलिमीटरच्या वर होता तो.

त्यानं वर बघितलं. यंत्राच्या खिडकीत आकडा होता चार. तीन. दोन. एक.

साठ.

त्याला वाटलं, आपलंच बटण चुकून दाबलं गेलं. परत वाट बघितली. तीन. दोन. एक.

साठ.

"आता ही जाता जाता बिघडली," तो पुटपुटला आणि दार उघडायला हात घातला.

खटाक. आणि लगेच दुसऱ्यांदा, खटाक.

या गाड्यांना बाहेरून दोनदा लॉक केलं की आतले हँडल मुके होतात. चोरानं काच फोडून आत हात घातला तरी दार उघडू नये म्हणून केलेली सोय. पण किल्ली तर याच्या खिशात होती. बटण कुणी दाबलं?

त्यानं किल्ली काढली. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. किल्ली कुलपात घातली, ती फिरेना. काचा खाली होईनात. भोंगा दाबला... आवाजच नाही. फोन घरी, चार्जिंगला लावलेला.

त्यानं काचेवर कोपर मारलं. मग टाच. मग दोन्ही पाय. साध्या गाडीत सीटची डोक्यामागची उशी उपसून तिच्या दांड्यानं काच फोडता येते. या गाडीची सीट शर्यतीची, उशीसकट एकसंध. उपसायला काही नाही. मागचं दार आतून उघडत नाही. तो ओरडला. बायकोच्या नावानं, मुलीच्या नावानं, पोस्टमनच्या नावानं. शटर खाली. अंगण मधे. कोण ऐकणार?

तीन. दोन. एक. साठ.

कपाळात ठोके पडायला लागले. तोंड कोरडं. दिव्याभोवती पिवळं कडं दिसायला लागलं. त्याला मुलगी आठवली. तिच्या नाटकाला गेलो नाही... आणि आता सकाळी तिला इथे शोधायला पाठवतील.

आणि मग त्यानं ते ऐकलं.

पुढच्या डाव्या चाकापाशी.

कट्‌.

इंजिनाच्या गुरगुरीतूनही स्वच्छ ऐकू आलं. कुणी तरी खाली बसलं होतं. मग बारीक आवाज. टिक. गेजचा दांडा खाचेत उतरला की होतो तसा.

थोडा वेळ काही नाही.

मग पावलं. सावकाश. घासत. बॉनेटसमोरून गेली. तो समोरच बघत होता. दिव्याच्या उजेडात समोर भिंत. आणि कुणी नाही.

पुढचा उजवा. कट्‌... टिक.

त्याच्या दारालगत. काचेच्या खाली. वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं. तो वाकला नाही. पाचावर धारण बसलेली. मागे जाणारी पावलं तेवढी ऐकली.

मागचा उजवा. कट्‌... टिक.

पावलं मागून फिरली.

मागचा डावा.

कट्‌.

गाडी त्या बाजूला किंचित कलली. टेकायला कुणी हात ठेवावा तशी.

आता टिक व्हायला हवं होतं.

झालं नाही.

तो थांबला. श्वास धरून. तीन. दोन. एक. साठ. कुणी उठत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. चौथ्या चाकापाशी कुणी तरी बसून होतं... आणि वाट बघत होतं.

"साहेब," चष्मेवाला म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू येईना. "साहेब, मला बाहेर जाऊ द्या."

काही नाही.

"माझी मुलगी आहे हो."

काही नाही.

तीन. दोन. एक. साठ.

डोळे मिटायला लागले. डोकं छातीवर पडलं. आणि पडलं तेव्हा नजर गेली मांडीवरच्या वहीकडे. अकरा वर्षांची पेन्सिल. आणि खाली त्याची पेनाची ओळ. चार सारखे आकडे.

त्याला समजलं.

पेन कुठे पडलं होतं देव जाणे. वहीच्या पाठीत खोचलेली जुनी पेन्सिल होती, ती काढली. बोटं ऐकेनात. चौथा आकडा खोडला. एकदा नाही, तीनदा. शेजारी लिहिलं. मागचा डावा सात पूर्णांक सहा. एकटाच नवा. मग खाली लिहिलं. कप्लिंग तापतं. वास येतो. ही गाडी घाटात नेऊ नये. मग थोडं थांबून आणखी एक ओळ. मी खोटं लिहिलं होतं.

टिक.

तीन.

दोन.

एक.

इंजिन थांबलं.

इतकी शांतता, की त्याला स्वतःच्या घड्याळाचा काटा ऐकू आला. आणि मागे, डाव्या बाजूला, एकदाच... कट्‌. खाली बसलेला माणूस उठला.

खटाक. दारं उघडली.

तो बाहेर पडला तो पायावर नाही, चार पायांवर. जमिनीवर पडल्या पडल्या तोंडावर गार वारा लागला. जमिनीलगत, शटरच्या खालून. त्यानं स्वतःच्या हातानं पार खाली ओढलेलं शटर वीतभर वर होतं. त्याच फटीतून तो सरपटत अंगणात आला.

रात्री एक वाजता त्यानं माझं दार ठोठावलं. चेहरा राखेसारखा. मी त्याला दवाखान्यात नेला, आणि डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर बोलायला हा राहिला नसता. पहाटे त्याची बायको आणि मी गाळ्यावर गेलो. तिनं गाडीकडे बघितलंही नाही. ती शटरकडे बघत होती.

शटरखाली वीट होती. उभी ठेवलेली, बरोबर मधोमध. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. त्यांच्या घरात कुठे विटांचं काम नाही, गल्लीत नाही. मी ती उचलली. ओली होती. महिनाभर पाऊस नव्हता, अंगण कोरडं खडखडीत. आणि वीट निथळत होती. तिच्या भेगांमध्ये बारीक वाळू.

डॉक्टरीण ठरल्या वेळी आली. चष्मेवाल्यानं दवाखान्यातून उठून तिच्यापुढे वही ठेवली आणि खोडलेली ओळ दाखवली. तिनं ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "चारही टायर मागवा. कप्लिंग उघडून दाखवा. मी थांबते." बायकोनंही तीन आठवड्यांची मुदत दिली, स्वतःहून. गाडी अजून डॉक्टरणीकडे आहे. टायर माझ्याकडेच बदलते. चारही एकदम.

पण माझ्या जिवाला चैन नव्हती. मी आणि चष्मेवाला त्या म्हाताऱ्या बाईकडे गेलो. म्हटलं, साहेब गेले कसे, ते खरं सांगा. ती म्हणाली, "झोपेतच गेले, ते खोटं नाही. गाडीतच झोप लागली त्यांना, वही लिहिता लिहिता. शटर बंद होतं, इंजिन चालू."

"ते एवढे काळजीचे, आणि शटर बंद?" मी विचारलं.

"ते रोज शटरखाली वीट ठेवायचे. हवेसाठी. त्या दिवशी मी ती उचलून कुंडीखाली ठेवली होती. कुंडी डुगडुगत होती म्हणून. त्यांनी शोधली असेल... सापडली नसेल. वारा होता, थंडी होती. म्हणाले असतील, मिनिटाचाच तर प्रश्न. मी आत गुडघे मोजले, चार. चहा ठेवला. चहा निवला तरी आले नाहीत."

चष्मेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी गाडीतून वीट आणली आणि कापडातून सोडून तिच्यापुढे धरली.

टवका उडालेल्या कोपऱ्यावरून बाईनं बोट फिरवलं.

"ही घरात बघवेना मला," ती म्हणाली. "तेराव्या दिवशी पुलावर गेले आणि नदीत टाकून दिली. माझ्या हातांनी."

तिनं ती परत घेतली नाही. चष्मेवाल्याला ठेवायचा धीर झाला नाही. मग राहिलो मी. तो टायर मीच बसवला होता ना. तेव्हापासून हे शटर पार खाली पडत नाही.

चहा घ्या, जावईबापू. निवतोय. तीन आठवडे तुमची गाडी इथेच राहू द्या, मी चारही टायर मागवतो. काय? पटत नाही?

मघाशी ठेच लागली तेव्हा तुम्ही हात पुसलात. मी तिच्यावर कधी थेंबभर पाणी टाकलेलं नाही. उन्हाळ्यात भर उन्हात ठेवली. हिवाळ्यात शेगडीपाशी ठेवली.

जा, हात लावून बघा परत.

तीन वर्षं झाली. अजून वाळलेली नाही.